वादक जॉन कोलट्रेन

पेटीवर रोज तेच तेच आरोह-अवरोह घोटण्याचा ज्या मुलांस कंटाळा येतो, त्यांच्यासाठी आम्ही अमेरिकेतील प्रख्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन याचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

त्याचा जन्म ता. २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्याचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते. वडील शिंपीकाम करीत व फावल्या वेळी व्हायोलिन वाजवीत. जॉन बारा वर्षांचा असतानाच पित्याचे छत्र हरपले. १९४३ साली तो फिलाडेल्फियास आला. त्याच वर्षी आईने त्यास सॅक्सोफोन घेऊन दिला.

जाझ संगीतात नेमून दिलेली चाल वाजवून भागत नाही. साथीचे स्वरमेळ क्षणोक्षणी बदलतात, आणि प्रत्येकास शोभेल अशी नवी सुरावट वादकास जागच्या जागी रचावी लागते. तेव्हा विचारास अवकाश नसतो. स्वर बोटांतच असावे लागतात. म्हणून कोलट्रेन बाराही स्वरांस आळीपाळीने षड्ज मानून स्वरश्रेणी घोटीत असे. स्लोनिम्स्की या पंडिताच्या १९४७ सालच्या ग्रंथातील अपरिचित स्वरश्रेणीही त्याने अभ्यासिल्या. रात्री शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून तो न फुंकता नुसती बोटे चालवी.

परंतु केवळ विद्येने मनुष्य तरत नाही. मद्य व हेरॉइन यांच्या व्यसनात तो सापडला, आणि १९५७ साली माइल्स डेव्हिसच्या वाद्यवृंदातून त्यास काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी त्याने दोन्ही व्यसने सोडली. हे नवे जीवन देवाच्या कृपेने लाभले, अशी त्याची श्रद्धा होती.

मग त्या घोटलेल्या स्वरांस फळ आले. १९५९ साली त्याने ‘जायंट स्टेप्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. तीत षड्ज तीन ठिकाणी इतक्या झपाट्याने फिरतो, की कसलेल्या वादकांचीही त्रेधा उडते. १९६४ च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झालेली ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना त्याने देवास अर्पण केली. तिच्या अखेरच्या भागात स्वतः रचलेली प्रार्थना, एकही शब्द न उच्चारता, त्याने वाद्यातून आळविली आहे. आपल्या सतारवादक रविशंकरांविषयी त्यास फार आदर वाटे. १९६५ साली जन्मलेल्या पुत्राचे नाव त्याने रवी ठेविले.

ता. १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो निवर्तला.

मुलांनो, ऐन वेळी सुचलेले भासते, त्यामागे वर्षानुवर्षांची घोकणी असते. आणि ज्या हातांस ही विद्या येते, ते हात निर्मळ राखणे हेही साधनेचेच अंग होय, असे आम्हांस वाटते.