मोडलेली नडगी आणि जोसेफ लिस्टर

वाचकहो, आपल्या घरातील वा मंडळीतील कोणाची नडगी दुचाकीच्या अपघातात गुडघ्यालगत मोडली असेल, तर पुढचा क्रम आपणांस ठाऊक असेल. सूज उतरेपर्यंत थांबतात. प्रसंगी बाहेरून सळ्या लावून पाय स्थिर ठेवतात. मग गुडघ्याजवळचा भाग उघडून सांध्याचा खचलेला पृष्ठभाग वर उचलतात, खालची पोकळी भरतात आणि पट्टी व स्क्रू लावून सारे जागच्या जागी धरून ठेवतात. शस्त्रक्रिया अवघड खरी. परंतु पाय कापावा लागेल, ही भीती आज सहसा प्रथम मनात येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी, हाड कातडी फोडून बाहेर आले की, तीच प्रथम येत असे. ती भीती ज्यांनी मागे हटवली त्यांची ही जीवनकथा.

जोसेफ लिस्टर यांचा जन्म 5 एप्रिल 1827 रोजी लंडनजवळील अप्टन या गावी एका क्वेकर कुटुंबात झाला. वडील द्राक्षमद्याचे व्यापारी. पण सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत त्यांनी केलेल्या सुधारणांमुळे रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले होते. डोळ्यांस न दिसणारे जीव असतात, हे मुलाने घरातच पाहिले. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे क्वेकरांना पदवी मिळत नसे, म्हणून त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतले. मध्यंतरी देवी आल्या, मन खचले, आणि वैद्यकी सोडून धर्मोपदेशक व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. वडिलांनी त्यांना पुन्हा वैद्यकीकडे वळवले. वाचकहो, त्या पित्याचे आपण किती ऋणी आहोत!

1853 मध्ये ते एडिंबरोस जेम्स साइम या नामांकित शल्यवैद्यांकडे गेले आणि 1856 मध्ये साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी विवाहबद्ध झाले. ती एपिस्कोपल मंडळीची असल्याने त्यांना क्वेकर समाज सोडावा लागला. त्यांना अपत्य झाले नाही. पतीच्या प्रयोगांच्या नोंदी ॲग्नेसबाई वर्षानुवर्षे स्वहस्ते लिहीत राहिल्या.

1860 मध्ये लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले व पुढल्या वर्षी तेथील रॉयल इन्फर्मरीत शल्यवैद्य म्हणून रुजू झाले. तेथील वॉर्डांत जखमा सडत आणि रोगी दगावत. पाय वा हात कापलेल्या 35 रोग्यांपैकी 16 मरण पावल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. त्यांना एक गोष्ट सतत खटकत होती. कातडी शाबूत असताना हाड मोडले तर ते निमूटपणे जुळते. तेच हाड कातडी फाडून बाहेर आले तर पू होतो, ताप चढतो आणि मृत्यू ओढवतो. हाड तेच, मोड तीच. मग फरक कशाने? दूषित हवेने, असे त्या काळी बहुतेक मानीत. 1865 मध्ये रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याने त्यांचे लक्ष फ्रान्समधील पाश्चर यांच्या संशोधनाकडे वेधले. नासणे हे सूक्ष्मजीवांचे कार्य असेल, तर जखमेत शिरलेले जीव मारले पाहिजेत. कार्लाइल शहरात गटाराच्या मैल्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक ॲसिड वापरतात, हे त्यांच्या वाचनात आले होते. तेच त्यांनी हाती घेतले.

पहिला प्रयोग फसला. मग 12 ऑगस्ट 1865 रोजी 11 वर्षांचा एक मुलगा इन्फर्मरीत आला. गाडीचे चाक डाव्या पायावरून गेल्याने त्याची नडगी मोडून जखम झाली होती. लिस्टरांनी जखमेवर कार्बोलिकमध्ये भिजवलेले कापड ठेवले, वर धातूचा पातळ पत्रा झाकला आणि पाय फळ्यांत बांधला. चार दिवसांनी पट्टी सोडली. त्या क्षणी त्यांच्या मनात काय असेल, याची कल्पना आपणच करावी! पू नव्हता, दुर्गंधी नव्हती. ॲसिडाने कातडी थोडी लाल झाली होती, एवढेच. सहा आठवड्यांनी तो मुलगा आपल्या दोन्ही पायांवर चालत घरी गेला.

1867 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी अशा 11 रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक दगावला होता व एकाचा अवयव कापावा लागला होता. हे त्यांनी लपवले नाही. त्याच वर्षी बहीण इझाबेला हिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःच्या घरी केली. जखम स्वच्छ भरली आणि तिला आणखी सुमारे तीन वर्षे आयुष्य लाभले.

विरोध पुष्कळ झाला. ॲसिडाने हात सोलवटत. त्याचा फवारा तर सर्वांनाच त्रासाचा होता. तो निरर्थक ठरल्यावर लिस्टरांनी स्वतःच तो सोडला. माझ्या मते त्यांचा मोठेपणा येथेच अधिक दिसतो.

1877 मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात आले. त्याच ऑक्टोबरात त्यांनी एका रोग्याची मोडलेली गुडघ्याची वाटी, कातडी शाबूत असताना, मुद्दाम सांधा उघडून चांदीच्या तारेने जोडली. बंद सांधा आपण होऊन उघडणे अनेकांना अविचार वाटले. पण रोगी बरा झाला. आज नडगीच्या वरच्या टोकाची जी शस्त्रक्रिया होते, तिची वाट त्या दिवशी मोकळी झाली. आता जखमेवर जंतू मारण्याऐवजी उपकरणे व हात आधीच निर्जंतुक करतात. तत्त्व मात्र तेच आहे.

राणीने त्यांना 1883 मध्ये बॅरोनेट व 1897 मध्ये लॉर्ड केले. पण 1893 मध्ये इटलीच्या प्रवासात ॲग्नेसबाई न्यूमोनियाने निवर्तल्या होत्या, आणि त्यानंतर त्यांचे मन संसारातून उठले होते. 10 फेब्रुवारी 1912 रोजी वॉल्मर येथे त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांची अंत्योपासना झाली. दफन मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे वेस्ट हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत, पत्नीच्या शेजारी झाले.