गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (जन्म : ९ मे १८६६, कोतळूक, मृत्यू : १९ फेब्रुवारी १९१५, पुणे) हे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसमधील मवाळ पक्षाचे अग्रणी नेते, प्राध्यापक आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक होते. कर कोणाकडून घेतला जातो आणि तो कोणासाठी खर्च होतो, या कसोटीवर त्यांनी ब्रिटिश सरकारची अंदाजपत्रके तपासली. केंद्रीय कायदेमंडळातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे भारतीय आर्थिक विचारांच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात.

बालपण व शिक्षण

गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे शिकून गोखले १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्यानंतर पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत त्यांनी अध्यापन सुरू केले. फर्ग्युसन महाविद्यालयात ते इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकवीत. १९०२ मध्ये ते तेथून निवृत्त झाले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे गुरू होत. सरकारी अहवाल व आकडेवारी बारकाईने वाचून त्यांवरून निष्कर्ष काढण्याची शिस्त त्यांना रानड्यांकडून मिळाली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादनही त्यांनी काही काळ केले. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी लंडन येथे साक्ष दिली. लष्करावरील आणि विलायतेत होणाऱ्या खर्चाचा भार येथील करदात्यावर पडतो, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले.

१९०२ चे अंदाजपत्रक

१८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झालेले गोखले पुढे केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तेथे अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारी तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक होती आणि सरकारच्या दृष्टीने ती सुस्थितीची खूण होती. देशाने नुकताच मोठा दुष्काळ सोसला होता. गोखले यांनी या शिलकीचे मूळ चलनविषयक धोरणात दाखवून दिले.

चांदीचा भाव घसरल्यामुळे रुपयाचे मोल पौंडाच्या तुलनेत उतरले होते. विलायतेतील देणी भागवण्यास सरकारला अधिक रुपये लागत, म्हणून मिठावरील कर वाढविण्यात आला व इतरही कर बसविण्यात आले. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद झाल्या आणि रुपयाचा दर पुढे १६ पेन्सांवर स्थिरावला. तीच देणी आता कमी रुपयांत भागू लागली. वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. म्हणून ही शिल्लक प्रजेच्या समृद्धीतून आलेली नसून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या करातून साचलेली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मिठावरील कराला त्यांचा विशेष विरोध होता. श्रीमंत व गरीब जवळजवळ सारखेच मीठ खातात; त्यामुळे या कराचा भार उत्पन्नाच्या मानाने गरिबांवरच अधिक पडतो. १८८८ पासून हा कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया करण्यात आला. आयकरातून सूट मिळण्याची वार्षिक उत्पन्नाची मर्यादाही १९०३ मध्ये ५०० वरून १००० रुपयांवर नेण्यात आली. या दोन्ही सवलतींची मागणी गोखले यांनी केली होती. अंदाजपत्रकावर चर्चा करता येई, पण मत देता येत नसे, अशा सभागृहात ही मागणी झाली होती.

प्राथमिक शिक्षणाचे विधेयक

केवळ कर कमी करणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. शिक्षण, आरोग्य व पाटबंधारे यांवर सरकारने अधिक खर्च करावा, असा त्यांचा आग्रह होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते; एका संस्थानाला जे साधले ते ब्रिटिश सरकारला अशक्य नाही, असे ते म्हणत.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यानुसार नगरपालिका व जिल्हा मंडळांना आपल्या हद्दीत ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करता आले असते आणि पुढे मुलींनाही ही तरतूद लागू करता आली असती. दरमहा १० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ होती. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने उचलावा, असे त्यांनी सुचविले होते. खर्चाचा बोजा आणि सक्तीबद्दलची नाराजी ही कारणे विरोधकांनी पुढे केली. काही हिंदी सदस्यही विरोधात गेले. १९ मार्च १९१२ रोजी हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

इतर कार्य

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारस येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. नाताळ वसाहतीत करारबद्ध मजूर पाठविणे थांबवावे, हा त्यांचा १९१० मधील ठराव सरकारने मान्य केला. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेस जाऊन त्यांनी मुदत संपलेल्या मजुरांवरील ३ पौंडांच्या वार्षिक कराचा प्रश्न तेथील मंत्र्यांपुढे मांडला. महात्मा गांधींच्या सत्याग्रहानंतर १९१४ मध्ये तो कर रद्द झाला. गांधीजी गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानीत.

मूल्यमापन

गोखल्यांचा सनदशीर मार्ग जहाल पक्षाला अपुरा वाटत असे, आणि कायदेमंडळातील सरकारी बहुमतामुळे त्या मार्गाच्या मर्यादा वेळोवेळी उघड झाल्या. तरीही त्यांनी मांडलेले प्रश्न मागे पडले नाहीत. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांनी मुंबई इलाख्यात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा २००९ मध्ये, म्हणजे गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेल्यानंतर ९७ वर्षांनी, संमत झाला. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था त्यांच्या नावाने आजही कार्यरत आहे.