रशियाचा पीटर

मुलांनो, एखादा राजा सैन्यात ढोल वाजवणारा म्हणून भरती झाला, हे तुम्हांला खरे वाटेल का? १६७२ साली जन्मलेल्या पीटरने तसेच केले. आरमार उभारायचे म्हणून १६९७ साली तो हॉलंडला गेला आणि गोदीत सुतारकाम शिकला.

१७०० साली नार्व्हा येथे स्वीडनने त्याच्या फौजेचा धुव्वा उडवला. नुसती माणसे गोळा करून फौज होत नाही, हे त्याला कळून चुकले. पुढे १७०९ साली पोल्टाव्हाला तो जिंकला.

मग त्याने १७१६ साली लष्करासाठी व १७२० साली आरमारासाठी लेखी कायदे केले. त्यांतील शिक्षा फार कठोर होत्या, हे मात्र सांगितलेच पाहिजे. पण सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत कोणीही कायद्याबाहेर नव्हता.

आता सांगा, लष्करातला कर्नल मोठा की जहाजाचा कप्तान? हे ठरवण्यासाठी १७२२ साली पीटरने चौदा श्रेणींचा एक तक्ता काढला. त्यात कर्नल आणि पहिल्या दर्जाचा कप्तान एकाच ओळीत होते. सरदाराच्या मुलालाही चाकरी केल्याशिवाय श्रेणी मिळत नसे. स्वतः पीटरसुद्धा आरमारात पायरीपायरीनेच वर चढला होता.

१७२५ साली पीटर वारला. त्याचा तक्ता मात्र, काही फेरबदल होत, १९१७ पर्यंत चालू राहिला.