गोऱ्या गालांचे कोडे

आमचा नातू वर्षाचा झाला तेव्हा अंगाने गुटगुटीत आणि गालांनी पांढुरका होता. बापावर गेलाय, गोरा आहे, असे मीच कौतुकाने सांगत असे. सहाव्या महिन्यात उष्टावण झाली, पण ती चांदीच्या वाटीतल्या चमचाभर खिरीपुरतीच. नंतर मऊ भाताला तो तोंड फिरवी आणि वरच्या दुधाची बाटली दिसली की शांत होई. दूध पितोय ना, मग काळजी कसली, असे मला वाटे. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ! तो आकडा माझ्या फार जिव्हारी लागला. त्याच दिवसांत हेलन मॅके यांच्याविषयी वाचनात आले.

हेलन यांचा जन्म १८९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेस गावी झाला. १९१४ मध्ये लंडनला त्या डॉक्टर झाल्या. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने गांजलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक यांच्या पथकात त्यांनी मुडदुसाच्या मुलांसाठी काम केले. कॉड माशाचे तेल आणि ऊन यांनी मुडदूस बरा होतो, हे या पथकाने दाखवून दिले. आहारातली एखादी उणीव मुलाचे काय करते, ते हेलननी तिथे जवळून पाहिले.

लंडनच्या पूर्वेकडील गरीब वस्तीत, हॅकनीच्या बालरुग्णालयात, त्यांच्यासमोर फिक्या बाळांचे कोडे आले. शेकडो बाळांचे रक्त त्यांनी चिकाटीने तपासले. रक्तक्षय आईच्या दुधावरच्या बाळांतही होता, पण बाटलीच्या दुधावरच्या बाळांत अधिक होता. लोह दिले की रक्त सुधारे. दुधाच्या भुकटीत लोह मिसळूनही त्यांनी पाहिले. १९२८ चा त्यांचा लेख आणि १९३१ चा सविस्तर अहवाल यांनी बाळांच्या या रक्तक्षयाचे कारण स्पष्ट केले: लोहाची कमतरता.

आता मला माझी चूक उमगली. बाळ जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडे असते, पण ते अंगी चांगले लागते. गाई-म्हशीच्या दुधात ते थोडेच, आणि लागतेही कमी. शिवाय दुधाने पोट भरले की बाळ जेवत नाही. म्हणूनच सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर घट्टसर वरणभात, पालेभाजी घातलेली खिचडी, वर लिंबाचे दोन थेंब. खाणाऱ्यांच्या घरी अंडे, मासे, खिमा हवाच.

१९३४ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या फेलो होणाऱ्या हेलन या पहिल्या महिला ठरल्या. १९६५ मध्ये त्या वारल्या. त्यांचे काम मात्र संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. ही सारी काही उपाशी घरांतली मुले नसणार. आमचे घर तरी उपाशी नव्हते.

डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले, आम्ही बाटली बंद केली. पहिले आठ दिवस त्याने घर डोक्यावर घेतले, मग वाटी आपणहून पुढे ओढू लागला. धाकट्या नातीच्या उष्टावणीला चांदीची वाटी पुन्हा निघाली. या वेळी दुसऱ्या दिवशी ती मी कपाटात ठेवली नाही.