बाजीराव पेशवे : भोपाळचा वेढा आणि किनाऱ्यावरचे युद्ध

थोरल्या बाजीराव पेशव्यांचे नाव निघाले की प्रथम पालखेड आठवते, मग दिल्लीवरची धडक. भोपाळचे नाव मागाहून येते. वास्तविक चाळिशीही न गाठलेल्या त्यांच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक काळ १७३७ चा वसंत ते १७३८ चा जानेवारी हाच म्हणावा लागेल. उत्तरेत दिल्लीची सत्ता आणि पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज, अशा दोन आघाड्या या काळात एकाच वेळी पेटल्या होत्या. गोव्याचे त्या पुढचे राजकारणही यापासून वेगळे काढता येत नाही.

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा. घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. तो मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालचा. वडील बाळाजी विश्वनाथ तेथून देशावर आले आणि कर्तृत्वाने छत्रपती शाहूंचे पेशवे झाले. १७२० च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन होताच शाहूंनी पेशवेपद विशीही न ओलांडलेल्या बाजीरावांना दिले. दरबारातील ज्येष्ठांना ही निवड रुचली नाही. दक्षिणेत निजामउल्मुल्क आपले स्वतंत्र बस्तान बसवीत होता. १७२८ मध्ये बाजीरावांनी त्याला पालखेडला कोंडीत पकडून मुंगी-शेवगावचा तह करायला लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांनी आमझेरा येथे माळव्याच्या सुभेदाराचा पराभव केला, आणि नर्मदेपलीकडचा मार्ग मोकळा झाला.

१७३७ च्या वसंतात बाजीराव मोगल सरदारांना हुलकावणी देऊन थेट दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले. शहर लुटण्याचा त्यांचा बेत नव्हता. आपण येथवर येऊ शकतो, एवढे बादशहाला दाखवून ते परतले. त्याच सुमारास कोकणात मराठी फौजांनी पोर्तुगिजांकडून ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बेट घेतले. गोव्यातील साष्टी ती ही नव्हे. मात्र दोन्ही साष्टींवर त्या वेळी पोर्तुगिजांचाच झेंडा होता. वसईचा बळकट किल्ला तेवढा त्या वर्षी हाती आला नाही.

दिल्लीच्या नामुष्कीनंतर बादशहा महंमदशहाने निजामाला दक्षिणेतून बोलावून घेतले आणि मराठ्यांना माळव्यातून हुसकावण्याचे काम त्याच्यावर सोपवले. सुमारे तीस हजार फौज व उत्तम तोफखाना घेऊन निजाम दिल्लीहून निघाला. वाटेत राजपूत व बुंदेले राजांची पथके त्याला मिळाली. डिसेंबर १७३७ मध्ये तो भोपाळला पोहोचला. तेथील संस्थानाचा संस्थापक दोस्त महंमद खान याच्या मागे गादीवर आलेला यार महंमद खान हा निजामाच्याच पाठबळावर उभा असल्याने त्याला हे ठिकाण भरवशाचे वाटले. एका बाजूला तट, दुसऱ्या बाजूला विस्तीर्ण तलाव, असा तो आसरा होता.

तोच आसरा पिंजरा ठरला. बाजीरावांनी तटावर हल्ला केला नाही, कारण वेढ्याच्या भारी तोफा त्यांच्यापाशी नव्हत्या. त्यांनी चहूकडच्या वाटा रोखल्या, धान्य व चारा तोडला. निजामाच्या मदतीला येणारी कुमक मल्हारराव होळकर व यशवंतराव पवार यांनी वाटेतच उधळली. दक्षिणेतून निजामपुत्र नासिरजंग येऊ नये म्हणून चिमाजी आप्पा तापीच्या काठी उभे राहिले. त्यासाठी त्यांना वसईच्या मोहिमेवरील लक्ष काही काळ काढून घ्यावे लागले. छावणीत उपासमार सुरू झाली. तोफांच्या आडोशाने निजामाने बाहेर पडून पाहिले, पण ओझ्याने जड झालेली ती फौज दिवसाकाठी जेमतेम काही मैल सरके. अखेर जानेवारी १७३८ मध्ये दुराहा सराई येथे त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात तह लिहून दिला. माळव्याची सुभेदारी, नर्मदा ते चंबळ या प्रदेशाचा पूर्ण अधिकार आणि युद्धखर्चापोटी पन्नास लाख रुपये, ही त्यातील मुख्य कलमे.

निजामाला जिवंत सोडले, ही बाजीरावांची चूक होती काय, यावर इतिहासकारांत वाद आहे. पालखेडला एकदा शब्द देऊन पुन्हा शस्त्र उचललेल्या शत्रूच्या कागदावर विसंबणे धोक्याचे होते, यात संशय नाही. पण शत्रूचा तोफखाना शाबूत होता, त्याचे मित्र जवळ होते आणि कर्जाने वाकलेल्या पेशव्यांना लांबलेले युद्ध परवडणारे नव्हते. किनाऱ्यावरचे अर्धे राहिलेले काम तर वाट पाहतच होते. मिळेल ते पदरात पाडून मोकळे होणे, हा हिशेब त्यांनी चिमाजी आप्पांच्या विचाराने केला.

त्या हिशेबाचे फळ पश्चिम किनाऱ्यावर दिसले. पुढच्या हंगामात चिमाजी आप्पा वसईवर पूर्ण बळानिशी उतरले. गोव्यातून वसईला कुमक जाऊ नये म्हणून १७३९ च्या आरंभी पेशव्यांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्याच्या साष्टीत शिरून मडगाव घेतले आणि राचोलला वेढा घातला. व्हाइसरॉय सांदोमिलचा काउंट आपल्याच दारातील संकटात गुंतला. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि पोर्तुगिजांचा उत्तरेकडील संपन्न प्रांत कायमचा गेला. मुंबईच्या इंग्रजांनी हे पाहून तत्काळ धोरण बदलले. कॅप्टन गॉर्डन याला साताऱ्यास पाठवून त्यांनी दरबारातील मतभेदांचा कानोसा घेतला, तर कॅप्टन इंचबर्ड याने चिमाजी आप्पांशी तह करून व्यापाराची मोकळीक मिळवली. पोर्तुगीज खचले, पण त्याच वाटाघाटींतून पुढचा प्रतिस्पर्धी मराठी राज्याची माहिती गोळा करीत होता.

दुराह्याच्या तहावर बादशाही शिक्का बाजीरावांच्या हयातीत उमटला नाही. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली आणि कागदपत्रे मंजूर करणारा दरबारच हतबल झाला. १७४० च्या आरंभी नासिरजंगाला नमवून मिळवलेल्या खरगोण व हंडिया या भागांची व्यवस्था लावण्यास बाजीराव निघाले असता नर्मदाकाठी रावेरखेडी येथे २८ एप्रिल रोजी ज्वराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी आप्पाही गेले. माळव्याची सनद १७४१ मध्ये पुत्र नानासाहेबांच्या हाती पडली.

आज भोपाळ जुन्या तटाबाहेर दूरवर पसरले आहे. पूर्वेकडच्या अयोध्या नगरासारख्या वसाहतींत राहणाऱ्याला त्या वेढ्याची खूण सापडणार नाही. तलाव मात्र जागेवर आहे. निजामाने पाठ टेकली होती ती त्याच पाण्याला, आणि वसई-मडगावकडे जाणारी मराठ्यांची वाट काही अंशी तेथेच मोकळी झाली.