काका बॅप्टिस्टा : श्रद्धा आणि राजकारण



निवडणुका जवळ आल्या की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणातली चर्चा बदलते. मुलांच्या परीक्षा, लग्न, आजारपण हे विषय मागे पडतात आणि कोणाला मत द्यायचे हा विषय सुरू होतो. चर्चा झाली तर वाईट काहीच नाही. परंतु गेल्या काही वर्षांत चर्चेचा वाद होतो, वादाचे भांडण होते आणि मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत एकमेकांना टोमणे मारणे चालते. एकाच बाकावर बसणारी दोन कुटुंबे निवडणुकीनंतर दोन वेगळ्या बाकांवर बसू लागलेली आम्ही पाहिली आहेत. मिस्सामध्ये एकमेकांना शांती देण्याची वेळ येते तेव्हा हात जोडले जातात, पण नजर दुसरीकडे वळते. हे पाहून मनाला वेदना होतात.

दुसरीकडे आपल्यातले काही जण म्हणतात की राजकारण म्हणजे घाण, ख्रिस्ती माणसाने त्यापासून दूरच राहावे. मिस्सा ऐकावा, रोझरी म्हणावी, आपले घर सांभाळावे आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी घेऊन गावाला जावे. हा मार्ग सोपा वाटतो, पण तो प्रभू येशूचा मार्ग आहे काय?

या दोन्ही टोकांचा विचार करताना आम्हांला आपल्याच महाराष्ट्रातल्या एका कॅथलिक माणसाची आठवण होते. त्यांचे नाव जोसेफ बॅप्टिस्टा. सारी मुंबई त्यांना काका बॅप्टिस्टा म्हणे. नागपुरात त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही, म्हणून आज त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईतील माझगावच्या माथारपाखाडी या वस्तीत झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तनचे. उत्तन, वसई, साष्टी आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतले हे कॅथलिक लोक ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जातात. घरात त्यांची मराठी बोली, सणाला त्यांची मराठी गाणी. मात्र त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले ते १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून आपण या सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते. नोकऱ्या सरकारच्या हाती होत्या, समाज लहान होता आणि पोटाचा प्रश्न होता. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण अशा समाजातला एक मुलगा पुढे स्वराज्याच्या चळवळीत अग्रभागी उभा राहिला, यावरून त्याने केवढे धाडस केले हे ध्यानात येते.

काकांनी पुण्याच्या कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. नंतर ते इंग्लंडला गेले, केंब्रिजमध्ये शिकले आणि बॅरिस्टर होऊन परत आले. त्या काळी बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाला पैसा आणि प्रतिष्ठा यांची वाण नसे. काकांनी मात्र शहराच्या कामात लक्ष घातले. १९०१ साली ते मुंबई महानगरपालिकेत निवडून गेले. मुंबईत १८९६ पासून प्लेगने थैमान घातले होते. गटारे, पाणी, चाळींतली गर्दी हे प्रश्न तेव्हा माणसाच्या जगण्यामरण्याचे होते. राजकारण म्हटले की आपल्याला आधी भाषणे आणि झेंडे आठवतात. काकांचे राजकारण सुरू झाले ते महानगरपालिकेच्या सभागृहात, शहराच्या रोजच्या कारभारातून.

लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला आणि तो अखेरपर्यंत टिकला. हा स्नेह किती विशेष होता हे समजण्यासाठी एक जुनी गोष्ट आठवावी लागेल. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मोठी माणसे एका कार्यक्रमाला गेली आणि तिथे चहा दिला गेला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून पुण्यात मोठे वादळ उठले आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. एका कप चहाने धर्म बाटतो असे मानणारा तो काळ होता. त्याच पुण्यात १९१५ साली प्रांतिक परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदावर काका बॅप्टिस्टा हे कॅथलिक गृहस्थ होते! पुढच्या वर्षी, २८ एप्रिल १९१६ रोजी, टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली. तिचे अध्यक्ष काका झाले, चिटणीस न. चिं. केळकर झाले आणि टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही.

या लीगचे कार्यक्षेत्र महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड असे होते. मध्य प्रांताची राजधानी आपले नागपूर. म्हणजे नागपुरातला जो कोणी दुकानदार, वकील किंवा विद्यार्थी या लीगचा सभासद झाला असेल, त्याचा अध्यक्ष एक कॅथलिक होता. स्वराज्य हा आपला जन्मसिद्ध हक्क असल्याची जी घोषणा आपण शाळेत टिळकांच्या नावाने शिकलो, तिच्या शब्दांमागे काकांचाही हात होता असे सांगितले जाते. ते कसेही असो, ती घोषणा घेऊन चालणाऱ्या संघटनेच्या शिरोभागी काका होते, ही गोष्ट खरी आहे.

आता आपल्या मनात प्रश्न येईल की टिळकांचे प्रत्येक मत काकांना मान्य होते काय? टिळक सनातनी वळणाचे हिंदू, काका कॅथलिक. गणपतीच्या मंडपापुढे आणि चर्चच्या वेदीपुढे होणारी प्रार्थना एक नाही, हे दोघांनाही माहीत होते. काकांनी त्यासाठी आपली श्रद्धा झाकून ठेवली नाही किंवा सौम्य केली नाही. ते कॅथलिक म्हणून जगले आणि कॅथलिक म्हणूनच गेले. त्यांनी एवढेच ओळखले की देशाला आपला कारभार आपण करता यावा ही मागणी न्यायाची आहे, आणि न्यायाच्या कामात सोबत चालणाऱ्याला आधी त्याचा धर्म विचारायचा नसतो. प्रभू येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतातही जखमी माणसाला त्याची जात विचारली गेली नाही.

१९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. 'केसरी'तील लेखांबद्दल तो खटला होता. ज्यूरीतल्या सात जणांनी त्यांना दोषी ठरवले, दोघांनी निर्दोष, आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. त्या खटल्यात काका त्यांच्या मदतीला होते. १९१० साली नाशिक प्रकरणात विनायक दामोदर सावरकर यांच्यावर खटला चालला, तेव्हाही बचावाच्या वकिलांत काका होते. या नावांभोवती आज किती वाद होतात हे आपण जाणतो. आम्हांला त्या वादात इथे शिरायचे नाही. ध्यानात घेण्याची गोष्ट निराळी आहे. सरकार ज्याच्यावर रुष्ट आहे त्याच्या बाजूला उभे राहिले तर आपले नुकसान होईल, हे काकांना समजत नव्हते असे नाही. तरीही आरोपीची बाजू नीट मांडली गेली पाहिजे, हे त्यांनी आपले कर्तव्य मानले. आपण मात्र ज्याचे मत पटत नाही त्याचे म्हणणे पुरते ऐकूनही घेत नाही.

१९१७ साली लीगच्या कामासाठी काका इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या लोकांना हिंदुस्थानची बाजू समजावून सांगू लागले. कामगारांविषयी त्यांना मनापासून कळकळ होती. टपाल खात्यातील आणि गिरण्यांतील कामगारांच्या संघटनांसाठी ते झटले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तेव्हा लाला लजपतराय अध्यक्ष झाले आणि काका उपाध्यक्ष. पुढच्या वर्षी झरिया या कोळशाच्या खाणींच्या गावी भरलेल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांवर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले होते. श्रमाला न्याय्य मजुरी मिळावी आणि कामगारांना आपली संघटना करता यावी, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यात स्पष्ट झाली. आपल्या देशात त्याच दिशेने उभे राहिलेल्या पहिल्या लोकांत एक कॅथलिक होता, याचा आपल्याला आनंद वाटला पाहिजे.

१९२० हे वर्ष आपल्या नागपूरसाठीही महत्त्वाचे. ऑगस्टमध्ये टिळक वारले आणि डिसेंबरमध्ये काँग्रेसचे अधिवेशन आपल्या शहरात भरले. आजचे काँग्रेस नगर हे नाव त्याचीच आठवण आहे. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. गांधीजींच्या असहकाराचा ठराव तिथे कायम झाला. बॅरिस्टर जीना विरोधात बोलायला उभे राहिले तेव्हा सभेने आरडाओरडा करून त्यांना बोलू दिले नाही, आणि त्यानंतर त्यांनी काँग्रेस सोडली. याच जीनांनी १९१६ साली टिळकांचा खटला हायकोर्टात जिंकून दिला होता! एका सभेत एका माणसाचे बोलणे बुडवले म्हणून पुढचा सारा इतिहास घडला असे आम्ही म्हणणार नाही. पण चार वर्षांपूर्वीचा सहकारी असा परका होतो, हे आपल्या शहराने पाहिले आहे.

टिळकांच्या अनेक सहकाऱ्यांप्रमाणे काकांनाही असहकाराचा मार्ग पूर्णपणे पटला नव्हता. आता ते मुख्य प्रवाहात राहिले नाहीत. अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो किंवा घरी बसतो. काका महानगरपालिकेच्या आणि कामगारांच्या कामात राहिले. १९२५ साली ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आज आपण ज्यांना महापौर म्हणतो त्यांना तेव्हा अध्यक्ष म्हणत. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना माती देण्यात आली. माझगावच्या टेकडीवरील बाग आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्वराज्य पाहायला ते राहिले नाहीत. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे शुभवर्तमानातले सत्य त्यांच्याही वाट्याला आले.

बंधुभगिनींनो, या जीवनातून आपण काय घ्यावे?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले आहे की ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय पक्षाशी बांधलेली नाही. प्रामाणिक ख्रिस्ती माणसांची एकाच प्रश्नावर दोन मते होऊ शकतात आणि आपलेच मत म्हणजे ख्रिस्तसभेचे मत असा दावा कोणी करू नये. याच कारणाने वेदीवरून फादर कोणत्या चिन्हावर शिक्का मारा हे सांगत नाहीत, आणि सत्तेची पदे घेण्यास धर्मगुरूंना ख्रिस्तसभेच्या कायद्याने मनाई आहे. ते काम प्रापंचिकांचे, म्हणजे तुमचे आमचे आहे. फादरांनी सांगितले नाही म्हणून आपण मोकळे झालो असे नाही. उलट आपली जबाबदारी वाढली.

तेव्हा पहिली गोष्ट ही की दूर राहू नका. मतदार यादीत नाव आहे की नाही ते पाहा. तरुणांनी वॉर्डाच्या सभेला जावे, नळाचे पाणी आणि शाळा यांविषयी विचारावे. दुसरी गोष्ट, फक्त आपल्या समाजाला काय मिळाले एवढेच पाहू नका. आपले हक्क मागणे योग्यच आहे. पण काकांचे राजकारण केवळ माथारपाखाडीपुरते राहिले असते तर टपालवाल्याला आणि गिरणी कामगाराला त्यांचा काय उपयोग झाला असता? मत देताना सर्वांत गरीब शेजाऱ्याचे त्यात काय होणार, हा प्रश्न प्रभूसमोर स्वतःला विचारावा.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आपल्या बाकावरच्या भावाने दुसऱ्या पक्षाला मत दिले असेल तर तो आपला भाऊच आहे. करवसुली करणारा मत्तय आणि रोमविरुद्ध जळणाऱ्या गटाच्या नावाने ओळखला जाणारा शिमोन, या दोघांना प्रभूने एकाच मेजावर बसवले. कैसराचे ते कैसराला द्यायचे आहे, पण आपला भाऊ कैसराचा नाही, देवाचा आहे. त्याला आपण कोणत्याही पक्षासाठी देऊन टाकू शकत नाही.

आजच्या मिस्सात शांती देण्याची वेळ येईल. ज्याच्याशी बोलणे बंद आहे तो दोन बाकांवर मागे बसला असेल. वळून त्याच्याकडे पाहावे, हात जोडावे. मिस्सा झाल्यावर अंगणात त्याच्या आईची प्रकृती विचारावी. मग राजकारणावरही खुशाल बोलावे!

प्रभू आपल्या देशाला न्यायी राज्यकर्ते, आपल्या शहराला शांती आणि आपल्या कुटुंबांना ऐक्य देवो. आमेन.