राजाचा नातू आणि त्याची रोजनिशी

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या वहिनीला एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले. आमचे गाव सूरजागडच्या डोंगराखाली. दादाने पुजाऱ्याला दाखवले, मग एटापल्लीहून डोळ्यात घालायचे थेंब आणले. महिनाभराने नजर आपोआप परतली आणि सगळे विसरले. मीही विसरलो. यंदा सरांनी वर्गात एका माणसाचे नाव घेतले. त्याचे चरित्र वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

ऑगस्टस डी’एस्टे यांचा जन्म १७९४ चा. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे ते नातू. पण राजाच्या परवानगीवाचून झालेले आईवडिलांचे लग्न त्याच वर्षी रद्द ठरले. मुलगा अनौरस झाला. वडिलांच्या सरदारकीवरचा त्यांचा हक्कही १८४४ साली फेटाळला गेला.

डिसेंबर १८२२ मध्ये ते स्कॉटलंडात एका जिवलग नातलगाला भेटायला गेले, तो तो वारलेला. अंत्यविधीत त्यांनी रडू आवरायचा खूप प्रयत्न केला, पण ते आवरले नाही, आणि त्यानंतर लवकरच त्यांना पत्रेही वाचता येईनात. पुढे औषधावाचून दृष्टी परतली. बरे वाटले असेल! पण १८२६ मध्ये पुन्हा तेच झाले. १८२७ साली फ्लॉरेन्सला एकाचे दोन दिसू लागले, मग पायांतले बळ गेले. वैद्यांनी मांस खायला घातले, मद्य पाजले, अंग चोळले. शेवटी चाकांची खुर्ची आली. हे सारे ते १८४६ पर्यंत रोजनिशीत लिहीत राहिले. १८४८ त ते वारले.

ओजिब्वे जमातीचे पीटर जोन्स हे त्यांचे मित्र. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांविषयी या राजवंशातल्या माणसाला आस्था होती, हे वाचून मला माडिया म्हणून बरे वाटले.

त्यांच्या रोगाची नीट ओळख शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली पटवली. आज त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणतात. शरीराची रक्षण करणारी शक्तीच मज्जातंतूंवरचे वेष्टण कुरतडते. डोळ्याच्या तंतूला सूज आली की नजर जाते. सूज उतरते, नजर येते, रोग मात्र आत राहू शकतो. प्रत्येक अंधारीमागे हाच रोग असतो असे नाही. पण आज एमआरआयने तो ओळखता येतो आणि पुढचे झटके कमी करणारी औषधे आहेत. डी’एस्टे यांना यातले काहीच मिळाले नाही.

दिवाळीपासून वहिनीच्या पायांना मुंग्या येतात. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, म्हणून दादा माझे ऐकून घेतो. धानाची मळणी झाली की नागपूरला जाऊ, असे तो म्हणतो. मी मळणीआधी जायचा हट्ट धरला आहे.